करंटनं आलेली ताकद खरी का?

पत्र थोडक्यात: करवीर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारे वडील तरुणपणी कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती केलेले. 19 वर्षांची मुलगीही कुस्ती करते. सरावात तिचा उजवा गुडघा आत वळला, एसीएल हे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी, तुटलं आणि दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन नवं लिगामेंट बसवलंय. आता दोन महिने होत आले. चालते नीट, पण मांडी सुकलीय, गुडघ्यावर अजून थोडी सूज आहे. फिजिओ आठवड्यातून तीनदा मांडीला पॅड लावून करंट देतात. मुलगी मशीनवर कण्हते, एकदा रडली. तेव्हा वडील म्हणाले, "ताकद बैठका मारून येती, वायर लावून आलेली ताकद खरी न्हवं." त्यानंतर तिनं जाणंच सोडलं. आई म्हणते, ऑनलाइन छोटं मशीन मागवू, घरीच लावेल. तालमीतल्या जाणत्यांनी घातलेली भीती आणखी वेगळी: करंटनं नसा कमजोर होतात, पोरीच्या जातीला पुढं बाळंतपणात त्रास होतो, शिवाय गुडघ्यात स्क्रू आहे. चैत्रातल्या गावच्या यात्रेत तिची कुस्ती जोडून ठेवलीय. मशीन बंद करून बैठका सुरू कराव्यात, की घरी मशीन आणावं, आणि यात्रेपर्यंत पोरगी तयार होईल का, असं त्यांनी विचारलंय.

पैलवान,

पत्रात तुम्ही एक काम चोख केलंय. वाटीच्या वर एक वीत अंतरावर पेनानं खूण करून दोन्ही मांड्या टेपनं मोजल्यात आणि उजवी 3 सेंटिमीटर कमी भरली हे लिहिलंत. बरेच जण "पाय लई बारीक झालाय" एवढंच सांगतात. ही मोजणी दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेवर करत राहा. फक्त एक ध्यानात ठेवा, की घेरावरून स्नायू किती उरलाय ते कळतं. उरलेला स्नायू हुकमाला येतो का, ते टेपला कळत नाही. ते तुमच्या हाताला कळेल. इतकी वर्षं पोरांच्या अंगाला मालिश केलेला हात आहे तो.

आज संध्याकाळी हे करून बघा. तिला सतरंजीवर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची लहान गुंडाळी ठेवा. आधी डावा पाय. वाटीच्या वर, आतल्या अंगाला तुमची चार बोटं ठेवा आणि म्हणा, "टॉवेल खाली दाब." बोटांखाली स्नायू लगेच टणक होईल आणि वाटी मांडीकडं वर सरकेल. आता तेच उजव्या पायावर. ती दात-ओठ खाईल, खुबा दाबेल, टाच जमिनीत रुतवेल, चेहरा लाल होईल, आणि तुमच्या बोटांखाली काहीतरी उशिरा, अर्धवट, थरथरत जागं होईल. कदाचित तेवढंही नाही. मग तिला उताणं झोपवून, गुडघा ताठ ठेवून पाय वर उचलायला सांगा. उचलताना गुडघा किंचित वाकतो का, तेवढं पाहा.

हे बघितल्यावर तुमच्या पत्रातल्या मुख्य गृहीतकाकडं येऊ. मांडी बारीक आहे कारण मेहनत कमी पडतेय, असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही कधी मेहनतीत कमी पडला नाहीत, म्हणून हे साहजिक आहे. पण तिची इच्छा आणि ताकद यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट आलीय. गुडघ्याला इजा झाली, त्यात पाणी धरलं, ऑपरेशन झालं, की सांध्यातल्या नसा पाठीच्या कण्याकडं सतत खबर पाठवतात. तिथं शरीर आपल्या हुशारीनं ठरवतं की हा सांधा धोक्यात आहे, मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावू द्यायचा नाही. मेंदूकडून हुकूम निघतो, पण वाटेतच त्याचा जोर कमी केला जातो. डॉक्टर याला आर्थ्रोजेनिक मसल इनहिबिशन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. धडधाकट माणसाच्या चांगल्या गुडघ्यात नुसतं सलाइन भरून पाहिलं, तरी मांडीचा स्नायू ढिला पडतो. 20-30 मिलिलिटर पाण्यानंसुद्धा वाटीजवळचा आतला भाग दबतो. दुखणं नाही, फाटणं नाही, नुसतं पाणी! तेव्हा तुमच्या लेकीच्या गुडघ्यावर जी थोडी सूज उरलीय, ती मांडीच्या दृष्टीनं थोडी नाही. रोज व्यायामानंतर बर्फ आणि पाय उंच ठेवणं चुकवू नका. आणि ज्या दिवशी सूज वाढेल, त्या दिवशी आधल्या दिवशी काय जास्त झालं ते शोधा.

आता बैठका. तुम्ही म्हणता, मशीन सोडून बैठका सुरू करू का. आधी तिला आधार धरून चारच अर्ध्या बैठका, खुर्चीच्या उंचीपर्यंत, घालायला सांगा आणि तुम्ही मागं उभं राहा. समोरून कळणार नाही. मागून दिसेल की कंबर हळूच डावीकडं सरकतेय, उजवी टाच हलकी पडतेय. जी मांडी दबलीय तिला वगळून बाकीचं शरीर बैठक पुरी करतं. अशा पाचशे मारल्या तर डावी मांडी आणि खुबा भरेल, उजवीचा फरक वाढेल, आणि गुडघा संध्याकाळी टम्म फुगेल. बैठका वाईट नाहीत, पुढं त्यांनीच मांडी भरायची आहे. आत्ता त्या ज्या स्नायूसाठी आहेत त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, एवढीच अडचण.

करंट इथं कामाला येतो. फिजिओ लावतात तो करंट मांडीतल्या मोटर नर्व्हच्या, म्हणजे स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या नसेच्या, फांद्यांना बाहेरूनच उठवतो. वरून येणारा हुकूम कण्यात दबला तरी खालची नस आणि स्नायू शाबूत आहेत, त्यांना थेट हाक जाते आणि मांडी आवळते. तालमीत नवं पोर आलं आणि त्याला पकड जमेना, की वस्ताद त्याचा हात स्वतःच्या हातात धरून ती जागा, तो कोन त्याच्या अंगात घालतात. त्या पोराची पकड खोटी असं कुणी म्हणत नाही, आणि वस्ताद जन्मभर हात धरूनही बसत नाहीत. मशीनचं काम तेवढंच आहे. म्हणूनच नीट उपचारात मुलीनं आडवं पडून मोबाइल बघत राहायचं नसतं. करंट चढला की तिनंही त्याच क्षणी आपल्या बळानं मांडी आवळायची, करंट उतरला की सोडायची. स्वतःचा जोर आणि करंट एकत्र पडले, की हळूहळू वरून येणारा हुकूमही पोचायला लागतो.

ही विद्या नवी नाही. 1850 च्या दशकात पॅरिसमध्ये दुशेन नावाचा डॉक्टर वीज लावून एकेक स्नायू वेगळा आवळून दाखवत होता. मांडीवर नेमकं कुठं पॅड लावलं की स्नायू चटकन उठतो, हे ज्ञान तिथून पुढं आलं. तुम्हाला जास्त रस वाटेल ती गोष्ट सोव्हिएत रशियातली. याकोव्ह कोट्स या शास्त्रज्ञानं 1977 साली कॅनडात माँट्रिअलला येऊन सांगितलं, की आम्ही खेळाडूंना 10 सेकंद करंट, 50 सेकंद विश्रांती, अशी 10 आवर्तनं देतो आणि ताकद 30-40 टक्क्यांनी वाढते. आजही कित्येक फिजिओंच्या मशीनवर "रशियन करंट" असं बटण असतं, ते तिथलंच. पण पुढच्या अभ्यासांत दिसलं की ज्याचे स्नायू आधीच ठणठणीत आहेत त्याला करंटपेक्षा स्वतःचा व्यायामच जास्त उपयोगी. तेव्हा तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, पैलवान. चांगल्या पायाच्या मल्लानं मशीन लावून मांडी करायला जाऊ नये. ज्याला स्नायू आवळताच येत नाही त्याच्यासाठी मात्र हिशेब उलटा होतो.

किती उलटा, ते सांगते. अमेरिकेत लिन स्नायडर-मॅकलर आणि सहकाऱ्यांनी 1995 साली एसीएलचं ऑपरेशन झालेल्या 110 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना जोरदार करंट आणि व्यायाम दोन्ही मिळालं, त्यांची ऑपरेशनच्या पायाची मांडी चार आठवड्यांच्या उपचारानंतर चांगल्या पायाच्या 70 टक्के किंवा त्याहून अधिक ताकदीला आली. करंटशिवाय नेटानं व्यायाम केलेल्यांची 57 टक्क्यांवर होती. आणि ज्यांनी घरी छोट्या मशीननं हलका करंट घेतला, त्यांची 51 टक्क्यांवर. शेवटचा आकडा पुन्हा वाचा आणि तिच्या आईलाही वाचून दाखवा. हलका करंट हा मेहनतीपेक्षाही कमी पडला.

त्यामुळं माझ्या मते मशीन लावायचं की नाही यापेक्षा कोणता करंट, किती जोराचा, हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडं "करंट दिला" या दोन शब्दांत सगळं खपतं. एकाच टेबलावरच्या सारख्या दिसणाऱ्या डब्यांतून तीन वेगळी कामं होतात. टेन्स हा दुखणं कमी करण्यासाठी. त्यात नुसत्या मुंग्या येतात. आयएफटी हाही बहुतेक वेळा दुखण्या-सुजेसाठीच, आत खोल भणभण लागते, बरं वाटतं, डोळा लागतो. या दोन्हींत मांडी हलत नाही, आणि हललीच नाही तर ताकद वाढायचा प्रश्नच नाही. तिसरा प्रकार स्नायू आवळणारा. त्यात मांडी डोळ्यांदेखत ताठ होते, वाटी वर खेचली जाते, घोट्याला बेल्ट बांधला नसेल तर पाय झटक्यानं सरळ होऊ पाहतो. दुपारच्या गर्दीत ओळीनं खाटा, प्रत्येकाला सारखाच डबा, पंधरा मिनिटांनी घंटी वाजली की मदतनीस पॅड काढणार, असं जिथं चालतं तिथं महिनाभर पैसे मोजून माणूस सांगतो "करंटचा काही उपयोग नाही." त्याला ताकदीचा करंट मिळालेलाच नसतो.

तुमची लेक कण्हते, यावरून मला उलट धीर येतो. तिला बहुधा खरा करंट मिळतोय. तरीही दोन वेदनांमधला फरक तिला विचारा. सगळी मांडी पिळवटल्यासारखी, पेटका आल्यासारखी वाटते का? ते अपेक्षित आहे. की एकाच जागी, पॅडच्या कडेला, चटका बसल्यासारखं टोचतं? ते बरोबर नाही. पॅड जुनं होऊन सुकलं असेल, कड उचलली असेल, त्वचेला तेल लागलं असेल. तुमच्या घरात मालिश रोजची, म्हणून मुद्दाम सांगते: जायच्या दिवशी मांडीला तेल नको, साबणानं धुऊन कोरडी करून जायचं. पॅड काढल्यावर जरा लाली दिसली तर ती थोड्या वेळात जाते. फोड आला किंवा लाली दुसऱ्या दिवशीही दिसली तर फिजिओला दाखवायचं आणि तोवर त्या जागी पॅड नाही. लहान पॅडपेक्षा तळहाताएवढं मोठं पॅड कमी टोचतं. एक वर बाहेरच्या बाजूला, दुसरं खाली आत, वाटीच्या वरच्या फुगवट्यावर, ही मांडणी नेहमीची.

आणि करंट वाढवायचं बटण तिच्या हातात द्यायला सांगा. स्वतः वाढवलेला करंट माणूस जास्त सोसतो, असा माझा रोजचा अनुभव आहे. पहिल्या दोन-तीन खेपांना जे नकोसं वाटतं ते पुढं सवयीचं होतं. म्हणून प्रत्येक खेपेला आकडा लिहून ठेवून, पुढच्या वेळी त्याहून थोडा वर. मधली 50 सेकंदांची विश्रांती बघून "हे काय, नुसतं बसून राहायचं" असं तुम्हाला वाटलं असेल. आपण स्वतः जोर लावतो तेव्हा स्नायूतले तंतू आळीपाळीनं काम करतात. करंट मात्र पॅडखालच्या त्याच त्याच तंतूंना दर वेळी उठवतो, म्हणून ते लवकर थकतात. विश्रांती कापली तर तिसऱ्या-चौथ्या आवर्तनापासून मांडी नुसती थरथरते. 10 ते 15 नीट आवर्तनं, आठवड्यातून दोन-तीनदा, एवढा खुराक पुरतो. गुडघा 60 ते 90 अंशांत वाकवून, घोटा पक्का बांधून हे केलं की नव्या लिगामेंटवर ताणही फारसा येत नाही. पाय मोकळा सोडून, शेवटपर्यंत सरळ होईल असा जोराचा झटका आत्ता नको. तुमच्या सर्जननं वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. शिवण, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, आत काय काय केलं हे त्यांनाच माहीत.

आता तालमीतल्या गप्पा. नसा कमजोर होतात याला आधार नाही. इथं तर नसेमार्फतच काम चाललंय. बाळंतपणाचं म्हणाल, तर करंट एका पॅडमधून दुसऱ्या पॅडकडं जातो, दोन्ही मांडीवर आहेत, गर्भाशयाचा त्याच्याशी संबंध येत नाही. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर असे पॅड लावत नाहीत, त्या नियमाचा कुणीतरी असा अर्थ लावला असावा. स्क्रूचंही तसंच. स्नायू आवळणारा हा करंट तुटक तुटक येतो, त्याला आतल्या स्क्रू-बटणाची अडचण नसते. धातू असताना टाळायचं असतं ते शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे तारांनी खोल शेक देणारं मोठं मशीन. त्यानं धातू तापतो. एकसारखा वाहणारा गॅल्व्हनिक करंटही अशा जागी नको. हा फरक न सांगता "स्क्रू आहे, करंट नको" असं कुणी सांगितलं असेल, तर ते अर्धवट ऐकलेलं आहे.

ज्यांनी खरोखर लांब राहायचं ते वेगळे. छातीत पेसमेकर बसवलेले. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असलेले किंवा तशी शंका असलेले. त्या जागी कॅन्सर असलेले. जिथं चिमटा काढला तरी कळत नाही अशी बधिर त्वचा, म्हणजे जुना मधुमेह असेल तर आधी ते तपासून घ्यायचं. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर आरपार तर कुणीच नाही. तुमच्या लेकीची पोटरी कधी अचानक सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर त्या दिवशी मशीनही नाही आणि मालिशही नाही, तडक दवाखाना. ऑपरेशननंतर पायात गाठ होऊ शकते आणि चोळणं तिथं धोक्याचं.

घरच्या मशीनवर माझा सरसकट विरोध नाही. गावातून कोल्हापूरला आठवड्यात तीन हेलपाटे, गाडीभाडं, कुणाचा तरी रोज बुडणार, हे मला दिसतंय. पण ऑनलाइन हजार-दोन हजारांत "मसाजर", "पेन रिलीफ" म्हणून मिळतं ते बहुतेक टेन्स असतं. मुंग्या येतील, पैसे जातील. घ्यायचंच तर बॅटरीवर चालणारं, ज्याच्यावर स्नायू आवळण्याचा कार्यक्रम वेगळा लिहिलाय, चालू-बंदचे सेकंद बदलता येतात आणि करंटचा आकडा दिसतो असं. आणि विकत घेण्याआधी फिजिओला फोटो पाठवा. आल्यावर डबा घेऊनच त्यांच्याकडं जा, पॅडच्या जागा मांडीवर पेनानं आखून घ्या, तिच्या सोसण्याचा आकडा तिथंच ठरवा. मग आठवड्यातून एकदा तिकडं, दोनदा घरी, असं जमू शकतं. काही फिजिओ भाड्यानंही देतात, विचारायला लाजू नका. खर्चच अवघड होत असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करा. भिंतीतल्या प्लगवर चालणारं, कुणीतरी वापरून सोडलेलं जुनं मशीन मात्र फुकट मिळालं तरी आणू नका.

किती दिवस लावायचं? ढोबळ खूण ही: पाय उचलताना गुडघा वाकेनासा झाला, टॉवेल दाबताना तुमच्या बोटांखाली दोन्ही मांड्या सारख्याच चटकन उठायला लागल्या, आणि ताकद मोजली तर चांगल्या पायाच्या 80 टक्क्यांच्या आसपास आली, की मशीन बाजूला. तिथून पुढं वजन, लेग प्रेस, एका पायाची बैठक, मग तुमच्या साध्या बैठका, मग उड्या. तिथं तुम्ही तिला जे शिकवू शकता ते मी शिकवू शकणार नाही. करंटच्या दिवसांतही रोजचा घरचा व्यायाम सुटता कामा नये. मशीन लावून आलो म्हणजे आज झालं, असं तिला वाटत असेल तर ते मात्र खोडून काढा.

एक गोष्ट जरा अवघड आहे, पण लिहिते. ती मशीनला घाबरून थांबली असं तुम्ही लिहिलंय. तारखा तुम्हीच दिल्यात: ती रडली तेव्हा गेली होतीच, नंतर तुमचं ते वाक्य झालं, आणि तिथून जाणं बंद. पैलवानाच्या पोरीला बापानं "ही ताकद खरी न्हवं" म्हटलं तर तिनं काय करावं? दुखणं ती सोसत होती. मी तुम्हाला माफी मागा वगैरे सांगणार नाही, तुमच्या-तिच्यात ते कसं होतं तुम्हाला ठाऊक. पुढच्या खेपेला सोबत जा, आवर्तनं मोजा, आकडा वहीत लिहा. तुम्ही मोजायला बसलात की तिला जे समजायचं ते समजेल.

याच विषयावर आणखी काहींनी विचारलं होतं, त्यांना इथंच दोन शब्द. गुडघा बदललेल्या आजी-मावश्यांची मांडीही अशीच दबते, आणि पहिल्या काही दिवसांतच हा करंट सुरू केला तर फायदा होतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जनकडं विषय काढावा. पक्षाघातानंतर पाऊल लोंबत असेल तर चालताना पाऊल उचलायला हाच करंट वापरतात, पण त्याची वेळ आणि मांडणी निराळी. नसच तुटली असेल तर हा करंट चालत नाही, तिथलं गणित पूर्ण वेगळं. आणि जिममध्ये सगळ्या अंगाला वायरीचा सूट घालून वीस मिनिटांत सिक्स पॅक, असं कुणी सांगत असेल तर सावध. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंच सांगितलंय की नुसत्या अशा यंत्रांनी सिक्स पॅक होत नाही. शिवाय पहिल्याच दिवशी जोर जास्त झाला तर स्नायू फुटून त्याचा मैला मूत्रपिंडावर येतो. असे रुग्ण दवाखान्यांत दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी काळसर, चहाच्या रंगाची झाली तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

राहिली यात्रा. दिवाळीनंतरचं ऑपरेशन, चैत्रातली कुस्ती, म्हणजे पाच महिने. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की असं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंनी, 9 महिन्यांपर्यंत, मैदानात परतणं जितके महिने पुढं ढकललं, तितक्या दर महिन्यामागं गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटलं. त्यांनी पाहिलेले खेळ झटकन वळण्या-उड्यांचे होते. कुस्तीत तर समोरचा माणूस मुद्दाम तुमच्या पायातच घुसतो. चालायला बरं वाटतंय म्हणून लिगामेंट पिकलंय असं नसतं, ते आत हळूच मुरतं आणि त्याला घाई करता येत नाही. 9 महिने म्हणजे ऑगस्ट, श्रावण उजाडेल. त्या वेळी ऑपरेशनच्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांच्या वर भरली, एका पायावरची उडी दोन्हीकडं सारखी पडली आणि सर्जननं होकार दिला, तर आधी मॅटवर ओळखीच्या जोडीशी हलका सराव, मैदान त्याच्या नंतर.

तेव्हा यात्रा कमिटीला या आठवड्यातच सांगून टाका. अजून पोस्टर छापलं नसेल, त्या वजनाची दुसरी जोड त्यांना मिळेल. आणि हे सांगायला तिला पाठवू नका, तुम्हीच जा. शब्द तुम्ही दिला होता.